उणे आठचा नंबर आणि तरी बंद अँगल: सातमाशी जन्मलेल्या एका पेशंटचा काचबिंदू

पेशंट २७ वर्षांची, तालुक्याच्या गावी एका बँकेत नोकरीला. सातमाशी जन्म, जन्माचं वजन ११०० ग्रॅम, नंतर बरेच दिवस पेटीत आणि ऑक्सिजनवर. उजव्या डोळ्याला फक्त उजेड कळतो. डाव्याला उणे ८ चा चष्मा, आणि तो लावून नजर ६/६०, म्हणजे चांगल्या डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येतं ते वाचायला हिला ६ मीटरवर यावं लागतं. एवढ्या नजरेवर तिने ग्रॅज्युएशन केलं, बँकेची परीक्षा काढली, ऑफिसात स्क्रीन रीडर लावून काम करते आणि मोबाईल मात्र चष्मा काढून, नाकाला टेकवून स्वतः वाचते. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे सगळा निर्णय त्यावरच फिरलाय.

आमच्याकडे आली तेव्हा त्या एकुलत्या एक कामाच्या डोळ्याचं प्रेशर ४६ होतं. नॉर्मल साधारण १० ते २१.

नाव-गाव काढलंय. प्रकरण सविस्तर लिहितेय कारण काचबिंदू बघणाऱ्यांच्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलेला असतो की उणे नंबरवाल्याचा डोळा मोठा, आतली जागा ऐसपैस, त्याला झाला तर ओपन अँगलचा काचबिंदू होणार (अँगल म्हणजे बुबुळ आणि त्याच्यापुढचा पारदर्शक पडदा यांच्यामधला कोपरा, जिथून डोळ्यातलं पाणी निचरतं), आणि अँगल बंद होणं हा अधिक नंबरवाल्या, छोट्या डोळ्यांचा आजार. एरवी हा हिशोब बरोबर आहे. आरओपीच्या, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या मागच्या पडद्याच्या आजाराच्या डोळ्यात तो उलटा पडतो, आणि पेशंटला आधीच कमी दिसत असल्यामुळे उलटा पडलाय हे कुणाच्या लवकर लक्षातही येत नाही.

आधी तक्रार काय होती ते सांगते. काही महिने संध्याकाळी डावी बाजू दुखायची, डोळ्याच्या वरून कपाळात ठणका जायचा, कधी मळमळ, कधी एखादी उलटी. घरात पित्तावर खापर. आई म्हणाली, "मॅडम, रात्रीचं जागरण झालं की हिचं पित्त खवळतंच, लहानपणापासून आहे ते." मग कोकम सरबत झालं, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, शेवटी डॉक्टरांनी अर्धशिशी धरून रात्रीला अ‍ॅमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी सुरू केली. अर्धशिशी वाटणं साहजिकच होतं, कारण दुखणं एका बाजूला, उलटी, उजेड नको वाटणं आणि झोपून उठलं की बरं. पण झोपल्यावर बरं वाटण्याचं दुसरंही एक कारण असू शकतं. झोपेत बाहुली बारीक होते, बुबुळाचा पडदा ताणला जातो आणि अर्धवट बंद झालेला अँगल पुन्हा उघडतो, प्रेशर उतरतं. अंधारात, सिनेमा बघताना, लाईट गेलेले असताना बाहुली मोठी होते आणि तेव्हा अ‍ॅटॅक येतो. हिला नेमकं हेच व्हायचं. आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या बऱ्याचशा गोळ्या, पोटदुखीच्या काही गोळ्या, या सगळ्या बाहुली मोठी करण्याकडे झुकणाऱ्या. ज्याचा अँगल आधीच चिंचोळा त्याला एवढं निमित्त पुरतं.

एक प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का? मी विचारल्यावर ती म्हणाली, दिसतात ना, ट्यूबलाईटभोवती, पण मला वाटलं माझे डोळेच तसले. ज्याला जन्मापासून धूसर दिसतं तो नवीन धूसरपणाची तक्रार करत नाही, तो आपल्या जुन्याच खात्यात जमा करून टाकतो. म्हणून अशा पेशंटला "कमी दिसतंय का" असं विचारून काही हाती लागत नाही. मी विचारते, महिन्याभरापूर्वी मोबाईलवर ज्या साईझचं वाचत होतात त्याच साईझचं आज वाचता का, की फॉन्ट वाढवलाय? हिने दोनदा वाढवला होता.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा काचबिंदू कुठून आला हे पेटीपासून सुरू होतं. बाळाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या नसेपासून कडेकडे वाढत जातात आणि नऊ महिने भरता भरता कुठे कडेला पोचतात. बाळ आधीच बाहेर आलं तर हे काम अर्ध्यावर राहतं. वर भरपूर ऑक्सिजन मिळाला की वाहिन्यांची वाढ थबकते, मग काही आठवड्यांनी उपाशी राहिलेला पडदा रक्ताची मागणी करू लागतो आणि वेड्यावाकड्या नवीन वाहिन्या फुटतात, त्यांच्याबरोबर चट्टा येतो, चट्टा आकसतो आणि पडदा ओढला जातो. हा आजार पहिल्यांदा १९४२ मध्ये बोस्टनच्या टेरी या डॉक्टरांनी मांडला, आणि त्यामागे ऑक्सिजन असावा हे १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी सुचवलं. आज आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा पहिल्या महिन्याभरात तपासायचा असा नियम आहे. ही जन्मली तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी ते कुणाच्या गावीही नव्हतं. बाळाची उजवी बाहुली पांढरी दिसते हे आजीच्या लक्षात आलं, तोवर उजवा पडदा पूर्ण सुटून भिंगामागे गोळा झाला होता, म्हणजे पाचवी स्टेज. डावा डोळा आपणहून थांबला, पण थांबता थांबता पडदा कानाच्या बाजूला ओढून गेला.

एवढ्याने आरओपी संपली असं सगळ्यांना वाटतं. पडद्याची फाईल बंद होते. पण जिथे पडद्याची वाढ बिघडली तिथे डोळ्याच्या पुढच्या भागाचीही वाढ पूर्ण होत नाही. पारदर्शक पडदा जास्त गोल राहतो, पुढची पोकळी उथळ राहते, भिंग जाड आणि पुढे सरकलेलं असतं. उणे नंबर यातूनच येतो, डोळा लांब झाल्यामुळे येतोच असं नाही. हिच्या डोळ्याची लांबी मोजली तर २३.६ मिमी, बिननंबराच्या माणसाची असते तेवढीच. साध्या उणे ८ वाल्याची २६ च्या आसपास किंवा वर असायला हवी. पुढच्या पोकळीची खोली २ मिमी, तिच्या वयाला ३ च्या वर पाहिजे. भिंगाची जाडी ४.९, या वयाला ४ च्या आतबाहेर असते. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की काचबिंदूचं निदान अर्धं झालंच. चष्म्याचा नंबर बघून नव्हे, हे आकडे बघून घाबरायचं.

तपासणी. डावा डोळा लाल, पारदर्शक पडदा वाफ धरल्यासारखा, बाहुली अर्धवट मोठी होऊन अडकलेली, टॉर्चला जेमतेम हलणारी. दोन्ही डोळ्यांना बारीक थरथर, ही लहानपणापासूनची. अशा थरथरणाऱ्या डोळ्याचं प्रेशर नेहमीच्या निळ्या लाईटवाल्या मशीनवर घेताना रिडिंग नाचतं, म्हणून हातात धरायच्या रिबाऊंड टोनोमीटरवर घेतलं, तीन वेळा, तिन्ही रिडिंग ४० च्या वर. उजव्या डोळ्याचं ३६. उजव्यात पुढची पोकळी जवळपास नाहीच, बुबुळ भिंगाला चिकटलेलं, मागे पांढरा पडदा. सोनोग्राफीत आतला पडदा बंद छत्रीसारखा मिटलेला.

पहिलं काम प्रेशर उतरवणं. इथे प्रीमॅच्युअर जन्माचा दुसरा हिशोब पुढे येतो आणि तो डोळ्याचा डॉक्टर हमखास विसरतो: फुप्फुसं. महिनाभर ऑक्सिजनवर राहिलेल्या बाळांची फुप्फुसं मोठेपणीही नाजूक असू शकतात. विचारलं तर पर्समध्ये इनहेलर निघाला. प्रेशरची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी हातात येणारी टिमोलॉलची बाटली इथे बाद, कारण ती थेंबाथेंबाने रक्तात जाऊन श्वासनलिका आवळू शकते. सल्फाची अ‍ॅलर्जी नाही, किडनीचा त्रास नाही हे विचारून अ‍ॅसिटाझोलामाईड दिली, २० टक्के मॅनिटॉलची बाटली लावली, ब्रिमोनिडीन आणि स्टिरॉईडचे ड्रॉप्स सुरू केले. ब्रिमोनिडीन मोठ्यांना ठीक, दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र कधीही नाही, बाळ गुंगीत जातं आणि श्वास मंदावतो. आरओपीच्या बाळांनाही काचबिंदू होतो म्हणून मुद्दाम सांगितलं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन त्याच दिवशी बंद, ज्यांनी दिली होती त्या डॉक्टरांशी फोनवर बोलून. टोपिरामेट चालू नाही ना हेही विचारून घेतलं, कारण अर्धशिशीची ती गोळी वेगळ्याच वाटेने, डोळ्यामागे सूज आणून अँगल बंद करते आणि तिथे उपचारच वेगळा असतो.

पायलोकार्पिनवरून आमच्यात चर्चा झाली. अँगल बंद म्हटलं की बाहुली बारीक करणारं औषध घाला हे शिकवलेलंच असतं. पण पायलोकार्पिन बुबुळ ताणतं तसं भिंगही पुढे आणतं आणि आणखी गोल करतं. जिथे भिंग आधीच पुढे येऊन बसलंय तिथे अँगल उघडायच्या ऐवजी आणखी दाबला जाऊ शकतो. शिवाय ४०-४५ प्रेशरला बुबुळाचा स्नायू बधीर झालेला असतो, त्याला औषध कळतच नाही. आरओपीच्या चट्ट्याने भिंग मागून ढकललेलं असेल तर कधी कधी उलटा उपाय, म्हणजे अ‍ॅट्रोपिन घालून भिंग मागे ओढून घेणं, कामाला येतो. पुस्तकातलं अँगल क्लोजर डोक्यात ठेवून हे करायला हात धजावत नाही, पण मेकॅनिझम समजली तर धजावतो. आम्ही तेव्हा दोन्ही घातलं नाही, आधी नीट बघू म्हटलं.

संध्याकाळपर्यंत प्रेशर २४. वाफ ओसरली आणि मग चार आरशांची लेन्स डोळ्याला टेकवून अँगल बघता आला. न दाबता बघितलं तर चारी बाजूंनी काही दिसत नाही. हलकं दाबलं की वरचा आणि नाकाकडचा भाग उघडतो, बाकी घड्याळाच्या साधारण पाच तासांएवढा भाग कायमचा चिकटलेला. म्हणजे हे त्या दिवशीचं प्रकरण नव्हतं, महिनोन्महिने थोडं थोडं चिकटत आलेलं. यूबीएममध्ये म्हणजे पुढच्या भागाच्या बारीक सोनोग्राफीत दोन गोष्टी दिसल्या, बुबुळ पुढे फुगलेलं, आणि भिंग पुढे येऊन बुबुळाच्या पाठीला टेकलेलं. दाराला आतून कपाट टेकलंय आणि बाहेर वाराही दार ढकलतोय, असा दुहेरी प्रकार. वारा म्हणजे बुबुळामागे साठलेलं पाणी, कपाट म्हणजे भिंग.

पाण्याला वाट करून देणं सोपं. बुबुळाला लेझरने बारीक भोक पाडलं, यॅग इरिडॉटॉमी. थरथरणाऱ्या डोळ्यावर नेम कसा धरणार ही भीती असते, पण काचेची कॉन्टॅक्ट लेन्स टेकवली की डोळा बराच स्थिर होतो आणि थरथरीचा ताल एकदा कळला की मधल्या क्षणी शॉट मारता येतो. काम झालं. आणि अपेक्षेप्रमाणे अर्धंच झालं. कडेची जागा थोडी खोल झाली, मधली जशीच्या तशी, प्रेशर दोन ड्रॉप्सवर २६. साध्या अँगल क्लोजरमध्ये भोक पाडलं की बऱ्याचदा पहिला टप्पा पार पडतो, आरओपीत मात्र त्याच्यावर विसंबून पेशंटला सहा महिन्यांनी या म्हणून घरी पाठवू नये.

मग भिंग काढायचं. इथे आठवडाभर डोकं खाल्लं.

भिंग स्वच्छ आहे, मोतीबिंदू नाही, वय २७, आणि हा एकच चालणारा डोळा. २०१६ मध्ये ईगल ट्रायल या अभ्यासाने दाखवलं की अँगल क्लोजरमध्ये मोतीबिंदू नसतानाही भिंग काढणं लेझरपेक्षा सरस ठरतं, पण तिथले पेशंट ५० च्या पुढचे होते आणि आरओपीचे नव्हते. तो पुरावा हिला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. दुसरीकडे, भिंगाला हात न लावता थेट फिल्टरिंग ऑपरेशन म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टॉमी केली तर अशा गर्दीच्या डोळ्यात सगळ्यात वाईट काय होतं तर पाणी उलट्या दिशेला मागे साठतं, भिंग आणखी पुढे येतं, पोकळी मिटते आणि प्रेशर पुन्हा चढतं. ज्या गर्दीमुळे आजार झाला ती तशीच ठेवून डोळ्याला बाहेरून भोक पाडण्यात मला अर्थ वाटला नाही. भिंग काढलं तर गर्दीच जाते. धोका पडद्याचा. ओढलेला, कडेला पातळ झालेला पडदा भिंग काढल्यावर सुटू शकतो, आणि तरुण उणे नंबरवाल्यांमध्ये तो धोका एरवीही जास्त. म्हणून आधी पडद्याच्या सरांनी कडेपर्यंत सगळा पडदा बघितला, दोन पातळ जागांभोवती लेझरचं कुंपण घातलं, त्याला मुरायला वेळ दिला आणि मगच तारीख ठरली. तोपर्यंत गोळ्या आणि ड्रॉप्स. बोटांना मुंग्या येतात म्हणाली, सोड्याची चव भंगारासारखी लागते म्हणाली, दोन्ही अ‍ॅसिटाझोलामाईडची नेहमीची गाऱ्हाणी.

आणि भिंगाच्या जागी बसवायच्या कृत्रिम लेन्सचा नंबर. फॉर्म भरताना आमच्या ज्युनिअरने टार्गेटच्या रकान्यात सवयीने शून्य लिहिलं. कुणीही लिहील, उणे ८ चा जाड चष्मा जातोय म्हणजे पेशंट खूष. मी तिला विचारलं, ऑपरेशननंतर लांबचा चष्मा जवळजवळ जाईल असं करता येतं, चालेल का? ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "मग मोबाईल मी कसा वाचणार?"

तिचं बरोबर होतं. उणे ८ चा डोळा चष्मा काढला की साडेबारा सेंटिमीटरवर आपोआप फोकस होतो. एवढ्या जवळ धरलेलं अक्षर नेहमीच्या वाचनाच्या अंतरापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठं दिसतं. म्हणजे हा नंबर ज्याला आपण व्यंग म्हणतो तो तिचा जन्मजात भिंगाचा चष्मा होता, खिशात न ठेवावा लागणारा. शून्य नंबर केला असता तर लांबचं ६/६० ते ६/६० च राहिलं असतं, कारण मर्यादा पडद्याची आहे, आणि जवळचं सगळं गेलं असतं, वर नैसर्गिक भिंग गेल्यामुळे फोकस बदलण्याची ताकदही गेली असती. जाड अधिक नंबरचा वाचायचा चष्मा देता येतो, नाही असं नाही, पण बसमध्ये, काउंटरवर, कुणाचा मेसेज आला म्हणून दोन सेकंद बघायला दर वेळी तो शोधणं म्हणजे काय हे आपण डोळस लोक समजू शकत नाही. वेगवेगळ्या अधिक-उणे लेन्स तिच्या डोळ्यापुढे धरून, तिचाच मोबाईल तिच्या हातात देऊन, कुठे आरामात वाचता येतं ते बघितलं. उणे ६ वर ठरलं. सतरा सेंटिमीटर. नाक थोडं मोकळं राहतं म्हणाली.

कमी दृष्टीच्या पेशंटमध्ये टार्गेट नंबर हा बायोमेट्री मशीनच्या प्रिंटआऊटवरून ठरवायचा विषयच नाही, असं माझं मत आहे आणि त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

ऑपरेशनच्या दिवशी पुन्हा मॅनिटॉल, जेणेकरून आतला दाब कमी राहील. भूल डोळ्याच्या बाजूने देऊन थरथर थांबवली. उथळ पोकळी घट्ट जेलने खोल केली. तरुण भिंगाची पिशवी रबरासारखी ताणते, गोल कापताना कडेला पळू बघते, तिथे सावकाश. भिंग मऊ होतं, फोडायची गरजच नाही, ओढून आलं. पिशवीला धरणारे धागे एका बाजूला ढिले वाटले पण तुटलेले नव्हते, रिंग तयार ठेवली होती ती लागली नाही. लेन्स पिशवीत बसवली आणि शेवटी अँगलचा चिकटलेला भाग जेलच्या दाबाने जेवढा सुटेल तेवढा हलकेच सोडवला. जुना चिकटलेला भाग ओढून सोडवायचा हट्ट धरला तर रक्त येतं, म्हणून जेवढं सुटलं तेवढं पुरे.

नंतर अ‍ॅट्रोपिन काही आठवडे ठेवलं, पाणी मागे साठू नये म्हणून, आणि स्टिरॉईडचे ड्रॉप्स लवकर कमी करत आणले, कारण ज्या डोळ्याचं निचऱ्याचं जाळं आधीच अर्धं बंद आहे त्याला स्टिरॉईडने प्रेशर वाढणं परवडणारं नाही. पडदा पहिल्या आठवड्यात, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी कडेपर्यंत तपासला. पोकळी आता छान खोल आहे, अँगल चिकटलेला भाग सोडून उघडा, प्रेशर रात्रीच्या एका ड्रॉपवर १४ ते १६. डोकेदुखी गेली, पित्तही गेलं. नजर ६/६० च, पण कडी गेल्यामुळे रात्री रस्त्यावर बरं वाटतं म्हणते.

भिंग काढूनही प्रेशर आटोक्यात आलं नसतं तर पुढे पाणी बाहेर नेणारी ट्यूब घातली असती. अहमद व्हॉल्व्ह किंवा मदुराईच्या ऑरोलॅबची आडी (एएडीआय) नावाची ट्यूब, जी आपल्याकडे बऱ्याच पेशंटच्या खिशाला परवडते. आता भिंग नसल्यामुळे ट्यूबला जागाही आहे. ती वाट अजून शिल्लक आहे ही या क्रमाची जमेची बाजू.

नुकसान किती झालं हे मोजायचं कसं, हा मात्र या पेशंटमधला न सुटणारा घोळ. फील्ड टेस्टला नजर एका ठिपक्यावर धरावी लागते, थरथरत्या डोळ्याला ती धरता येत नाही, रिपोर्ट म्हणजे काळे-पांढरे ठिपके विस्कटून टाकलेले. नसेची जाडी मोजणारी ओसीटी नॉर्मल नसेशी तुलना करते, इथे नसच ओढून तिरकी झालेली, मशीन सगळीकडे लाल रंग दाखवतं आणि त्यातलं काचबिंदूचं किती, आरओपीचं किती हे सांगता येत नाही. म्हणून दर वेळी नसेचा फोटो काढून मागच्या फोटोशेजारी ठेवणं, आणि प्रेशरचं टार्गेट मुद्दाम खाली, १५ च्या आसपास धरणं, एवढंच हातात राहतं.

आता उजवा डोळा. रेफरल चिठ्ठीत त्याच्यासमोर एकच ओळ होती, उपयोगाची दृष्टी नाही. ती म्हणते, या डोळ्याने मला खिडकी कुठे ते कळतं, ऑफिसात दिवे गेले की कळतं, समोरून कुणी आडवं गेलं की सावली कळते. तिला हे फुकटात सोडायचं नाही, आणि का सोडावं? पण तिथे भिंग काढून काही मिळणार नाही, मागे पडदा मिटलेला आहे आणि एवढ्या आकसलेल्या डोळ्यात चाकू घातला तर डोळा सुकायला निमित्त मिळतं. प्रेशर ३६ वरून दोन ड्रॉप्सवर २४ ला आलंय, अधूनमधून ठणका असतो तेव्हा अ‍ॅट्रोपिन आणि स्टिरॉईड काही दिवस. ड्रॉप्सनी भागेनासं झालं तर पुढची पायरी डायोड लेझर, ८१० नॅनोमीटरचा, बाहेरून, पाणी तयार करणाऱ्या भागावर, आणि तोही एका बैठकीत कमी मात्रेत. जास्त मारला तर प्रेशर कायमचं पडतं आणि डोळा आकसतो, थोडा कमी मारला तर पुन्हा करता येतो. डोळा काढून टाकण्याचा विषय, उजेडही गेला आणि दुखणं कशानेच थांबेना, तरच. एका डॉक्टरांनी आधी तो सुचवला होता म्हणे, "दिसत तर नाहीच" असं म्हणून. आई अजून त्या वाक्यावर चिडलेली आहे.

ड्रॉप्सचं व्यवस्थापन हा आमच्या शिक्षणातला सगळ्यात दुर्लक्षित धडा. घरी तीन बाटल्या, सगळ्या जवळपास सारख्या आकाराच्या, लेबलवरचं अक्षर मुंगीएवढं, झाकणाचे रंग तिला नीट ओळखू येत नाहीत. तिने स्वतः युक्ती काढली, डाव्या डोळ्याच्या बाटलीला एक रबरबँड, उजव्याच्या दोघींना दोन आणि तीन. उजव्याची एक बाटली हलवून वापरायची असते, तिच्या झाकणावर टिकली चिकटवली आहे, बोटाला लागली की हलवायचं लक्षात येतं. थेंब पडला की नाही हे कळावं म्हणून बाटली फ्रीजमध्ये ठेवते, थंड लागलं म्हणजे पडला. थेंब टाकून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा, म्हणजे औषध घशात आणि रक्तात कमी जातं, हे तिला शिकवलं, आता ती ब्रेल शिकणाऱ्या मुलांना शनिवारी भेटते तिथे काचबिंदूवाल्यांना तेही शिकवते.

ज्यांच्या घरी सातमाशी जन्मलेलं, आरओपी झालेलं मूल किंवा मोठं माणूस आहे त्यांनी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा की अँगल शेवटचा कधी बघितला. पडदा नव्हे, अँगल. लहानपणी लेझर किंवा इंजेक्शन होऊन पडदा छान बसलेल्या मुलांनाही हे लागू आहे, त्यांचाही पुढचा भाग असाच गर्दीचा राहू शकतो. बाळपणीच भिंग काढलेलं असेल तर तिथे वेगळ्या प्रकारचा काचबिंदू वर्षानुवर्षांनी उगवतो, त्यात दुखतही नाही, म्हणून प्रेशर नियमित बघावंच लागतं. आणि नवीन डोकेदुखी, दिव्याभोवती कडी, फॉन्ट वाढवावा लागणं यातलं काही सुरू झालं तर पित्ताची गोळी घेऊन आठवडा काढू नका, त्याच दिवशी प्रेशर मोजून घ्या.

सध्या ती दर तीन महिन्यांनी येते. गेल्या वेळी डाव्याचं १५, उजव्याचं २७. उजव्याच्या लेझरबद्दल पुन्हा बोलणं झालं, ती म्हणाली मार्चएंडिंग होऊ दे, मग बघू.